पोपटी झंपर

सम्यकने आपली तर्जनी रत्नमालाच्या उजव्या कानामागून हळूहळू पुढे आणली आणि तिचे टोक हलवीत राहिला.

"माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की सांगा."

रत्नमाला त्याच्या नाकाकडे बघत राहिली. बोट कान ओलांडून गालाच्या हाडापर्यंत आले, तरी ती काही बोलली नाही. ते डोळ्याच्या कोपऱ्याशी, जवळजवळ तिच्या पुढ्यातच येऊन उभे राहिले, तेव्हा तिची पापणी हलली.

"आता दिसलं."

डाव्या बाजूलाही तसेच झाले. मागच्या खेपेपेक्षा दोन्हीकडच्या भिंती आणखी आत सरकल्या होत्या. मधे उरली होती ती एक अरुंद बोळ, आणि त्या बोळीतून ती जगाकडे बघत होती.

सम्यक टेबलामागे जाऊन बसला. कागदावर आकडा लिहिताना त्याच्या मनात दुःखाच्या जोडीला आणखी एक काहीतरी हलले. ते त्याला ओळखीचे होते आणि त्याची त्याला लाजही वाटत असे. ते समाधान होते.

मेंदूच्या बुडाशी, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात, तिथेच खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. रत्नमालाच्या त्या ग्रंथीत गाठ झाली होती. गाठ कर्करोगाची नव्हती. ती फक्त, कोणी न मागता, दूध आणणारे संप्रेरक रक्तात सोडत राहायची. म्हणून लग्नाला इतकी वर्षे होऊनही तिला पाळी येत नव्हती, कूस उजवली नव्हती, आणि मूल न होताच दूध मात्र येत होते. आता ती गाठ वर चढून डोळ्यांच्या नसांना रेटू लागली होती. अशा गाठी बहुधा कापाव्या लागत नाहीत. आठवड्यातून दोनदा घ्यायच्या एका इवल्याशा गोळीने त्या आक्रसत जातात. काही थोड्या मात्र गोळीला दाद देत नाहीत. सम्यकचा प्रबंध या हट्टी गाठींवर होता. किती डोस वाढवला, किती लवकर वाढवला, तर त्यांचा हट्ट मोडतो, हे त्याला शोधायचे होते. रत्नमालाची गाठ त्या सगळ्यांत हट्टी निघाली होती. डोस चढत गेला, पण रक्तातला आकडा खाली आला नाही.

"हिच्यावर तुझा प्रबंध उभा आहे," त्याच्या मार्गदर्शक मुळे मॅडम म्हणाल्या होत्या. पुढच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत तो पहिल्यांदाच माणसांसमोर उभा राहून वाचणार होता.

माणसांसमोर उभे राहणे हेच त्याला जड जाई. शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारे त्याचे वडील, कडुबा, जेवताना त्याला चिडवत, "तू पेशंटशी बोलतो का त्याच्या चपलांशी?" ते खोटे नव्हते. समोरच्याचा चेहरा विसरला तरी त्याची पावले सम्यकच्या लक्षात राहत. रत्नमालाच्या पावलांत टायरच्या जाड तळाच्या वहाणा असत, आणि अंगठ्याजवळ बाभळीच्या काट्याचा जुना व्रण होता. ती पिशोरकडची, मेंढरांमागे चालून वाढलेली.

"ताई," टेबलाच्या काचेकडे बघत तो म्हणाला, "गोळ्यांचा उपयोग होत नाहीये. डोस आणखी वाढवता येणार नाही. आता ऑपरेशन करावं लागेल. नाकातून करतात. डोकं उघडत नाहीत."

"काय म्हणला?"

त्याने पुन्हा, थोड्या मोठ्याने सांगितले.

रत्नमालाने दाराकडे पाहिले. मग तिने विचारले, "त्यानं दूध जाईल?"

"हो. जाईल ना." निदान एवढी तरी चांगली बातमी आपल्यापाशी आहे, म्हणून त्याने मान वर केली, आणि तिचा चेहरा पडलेला पाहिला.

दर खेपेला तो विचारत असे, "दूध?" हा शब्द उच्चारताना त्याचे कान तापत, तो कागदावर वाकलेला असे. ती म्हणे, "येतं." तो तसे लिहून घेई. हे 'येतं' ती कोणत्या चेहऱ्याने म्हणते, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

त्याच वेळी बाहेरच्या व्हरांड्यात एक तान्हे मूल रडू लागले. सुरुवातीला कुरकुर, मग एकदम टिपेचा सूर. रत्नमाला खुर्चीत ताठ झाली. तिच्या अंगात पोपटी रंगाचे झंपर होते, तिच्या मापाहून पुष्कळ लहान. दोन्ही बगलांत उसवून वेगळ्याच कापडाच्या पट्ट्या जोडलेल्या होत्या. सम्यक बघत असतानाच त्या पोपटी कापडावर दोन काळपट डाग उमटले आणि पसरू लागले. तिने घाईने पदर ओढला.

तो सवयीने तिच्या वहाणांकडे बघू लागला. मग, कुणीतरी हनुवटीला धरून उचलावी तशी, त्याने मान पुन्हा वर केली.

दार ढकलून रत्नमालाची सासू, सुगंधाबाई, आत आली. कडेवर लाल फडक्यात गुंडाळलेली पाचेक महिन्यांची पोर होती.

"रत्ने, ऐकत नाय गं ही. माफी करा सायेब, पर पोरगी जीव देऊन राहिली."

रत्नमालाने सम्यककडे पाहिले नाही. तिने पोर घेतली आणि तपासणीच्या पडद्याआड गेली. रडणे मधेच तुटले. पडद्यापलीकडून घुटके घेतल्याचा आवाज येऊ लागला. सम्यक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"कुणाचं बाळ, मावशी?"

"माह्या धाकट्या पोराचं, बिभीषणचं. हिच्या जावंचं, रूपाचं. रूपा बाळतपणात ताप भरून गेली, सायेब. कोवळी पोर व्हती." सुगंधाबाई स्टुलावर टेकली. "ही सृष्टी उरली. बाटली तोंडात घेईना. शेळीचं दूध पाजलं तर जुलाब. आठ दिसांत पार वाळून गेली. मग म्या हिला म्हणलं, देवानं तुला दूध दिलं ते कामून दिलं असंल?"

"आणि तिने लगेच घेतलं?"

"कुठं! हुंगायची अन् तोंड फिरवायची. शेवटी म्या रूपाचा झंपर काढला ट्रंकेतून." ती थांबली, आणि शहरातल्या माणसाला समजावे म्हणून सावकाश बोलू लागली. "मेंढीचं कोकरू मेलं ना, की त्याचं कातडं आम्ही दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर घालतो. मेंढी हुंगते, आपलंच समजून पाजते. इथं उलटं केलं. मायचा झंपर हिच्या अंगावर चढवला. पोर हुंगली अन् लुचायला लागली. तवापासून हाच झंपर. धुवायला काढला की पोर घर डोक्यावर घेते."

सम्यकने भिंतीवरच्या उंची मोजायच्या पट्टीकडे पाहत विचारले.

"ताई, गोळ्या घेता ना तुम्ही?"

पडद्याआडचे घुटके चालूच राहिले.

"घेते की ती," सुगंधाबाई म्हणाली. "मला सांगती दर बारीला. म्या म्हणलं, गोळ्या खाऊनबी दूध टिकलं, लेकराचं नशीब."

पडदा सरला. पोर छातीशी तशीच होती, पदराखाली. रत्नमालाने कमरेची चंची सोडली. म्हाताऱ्या माणसांची पान-तंबाखूची असते तशी, कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. तिच्यातून तिने गोळ्यांच्या पन्न्या काढून टेबलावर मांडल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"रत्ने!"

"दूध तोडायची गोळी हाय म्हणून यांनीच सांगितलं व्हतं, आत्याबाई. पहिल्याच दिशी." रत्नमालाचा आवाज शांत होता. "खोटं बोलले, सायेब. खरं सांगितलं असतं तर तुम्ही पाजणं बंद करायला लावलं असतं."

सम्यकला आपला आलेख आठवला. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी ती सरळ, न वाकणारी रेघ, जिच्याकडे तो कितीतरी संध्याकाळी बघत बसला होता. ती रेघ गाठीच्या हट्टाची नव्हतीच. त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आठवली. ऑपरेशनच्या यादीत रत्नमालाचे नाव त्याने आज सकाळीच सुचवले होते. जी गोळी तिच्या पोटात कधी गेलीच नाही, ती निकामी ठरली म्हणून तिच्या नाकातून मेंदूच्या बुडापर्यंत सळई घातली गेली असती.

"फेकल्या का नाहीत मग?" तो चिडून म्हणाला. चिडलेला आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"फेकीन कशाला? घेणारच व्हते. पोर भाकर खायला लागली की सगळ्या एकदाच. मागचं राहिलेलं भरून काढणार व्हते."

"एकदाच?"

"मेंढरांना जंताचं औषध चुकलं की पुढच्या बारीला दुप्पट पाजतो आम्ही. काय व्हत नाय."

"तुम्हाला झालं असतं! रक्तदाब उतरून जागच्या जागी पडला असता, ताई. ही कडेवर असती तर हिच्यासकट."

व्हरांड्यातून कुणीतरी डोकावून गेले. एवढ्या मोठ्याने तो या खोलीत कधी बोलला नव्हता. रत्नमालाने पोरीच्या डोक्यावर तळवा ठेवला.

"मग एक-दोन महिने थांबा," ती म्हणाली. "दात येऊ द्या हिचे. डोळ्याचं काय, समोरचं दिसतं मला."

"समोरचं दिसतं?" सुगंधाबाई फणकारली. "परवा कोकरू आलं पायाखाली तुह्या. शेजारी उभं व्हतं अन् दिसलं नाय. म्या समजले, चित्त थाऱ्यावर नाय पोरीचं."

सम्यक उठला. समजावून सांगायला त्याच्याजवळ पुष्कळ शब्द होते. प्रबंधाचे पहिले प्रकरण त्याच शब्दांनी भरलेले होते. त्यांतला एकही इथे उपयोगाचा नव्हता.

"हिला माझ्याकडे द्या जरा."

पोरीचे पोट भरले होते. ती मूठ चोखत त्याच्या हातात आली. त्याने आजवर एवढे लहान मूल कधी घेतले नव्हते. तिचे ऊबदार, दुधट वजन कसे पेलावे हे त्याच्या कोपरांना कळेना. तो रत्नमालाच्या खुर्चीमागे गेला.

"समोर खिडकीकडे बघा. मी सांगेपर्यंत मान वळवू नका."

तो तिच्या उजव्या हाताला आला आणि पोरीला तिच्या खांद्याच्या उंचीवर धरून उभा राहिला. सुगंधाबाईने तोंडावर पदर धरला. खिडकीबाहेर कडुनिंबाची वाळकी पाने वाऱ्याबरोबर जिन्याच्या पायऱ्यांवर घसरत होती. रत्नमाला त्यांच्याकडे बघत होती.

"दिसतंय काही?"

"बोट हाय का? नाय दिसत."

"बोट नाही. सृष्टी आहे."

तिच्या मानेची शीर ताठरली, पण मान वळली नाही.

"कुठं हाय?"

"इथंच. हात लांब केलात तर लागेल."

तिने हात लांब केला. तो पोरीच्या खालून, पुढून, रिकाम्या हवेतून गेला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. पोरीने त्या आवाजाकडे टकमक पाहिले आणि पुन्हा मूठ तोंडात घातली.

"महिनाभरात ही पालथी पडेल," सम्यक म्हणाला. तो हळूच बोलत होता, पण या वेळी प्रत्येक शब्द ऐकू जाईल असा. "मग रांगेल. रांगणारं मूल समोर थांबत नाही, ताई. चुलीकडे जातं, विहिरीकडे जातं. थांबलो तर तोवर समोरचंसुद्धा राहणार नाही कदाचित. गेलेली नजर मग गोळीनेही परत येत नाही."

रत्नमालाने आता मान वळवली. पोर अगदी हाताशी होती. ती तिच्याकडे इतका वेळ बघत राहिली की सुगंधाबाईला राहवेना.

"रत्ने, काय तरी बोल."

"हिला काय पाजायचं ते नीट शिकवा आधी," रत्नमाला सम्यकला म्हणाली. "वरच्या दुधानं जुलाब व्हत्यात. मग द्या गोळी."

बालरोग विभागातल्या सिस्टर आल्या. पाणी किती उकळायचे, डब्यातली पावडर किती सपाट मापायची, बाटली नको, वाटी-चमचाच का, हे सगळे त्यांनी सुगंधाबाईकडून दोनदा करवून घेतले. पण चमचा ओठांना लागला की पोर तोंड मिटून घेई आणि मान रत्नमालाच्या दिशेने फिरवी. दूध गळ्यावरून ओघळे.

"आईला बाहेर जाऊ द्या," सिस्टर म्हणाल्या. "वास येतो ना तिला."

'आई' हा शब्द कुणी दुरुस्त केला नाही.

रत्नमाला पिशवी घेऊन पडद्याआड गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात जांभळे, मापाचे झंपर होते. पोपटी झंपर तिने हातात घडी करून धरले होते. ते तिने उलगडले आणि सुगंधाबाईच्या खांद्यावर, पोरीचा गाल टेकेल तिथे, पसरून ठेवले.

"हे राहू द्या अंगावर, आत्याबाई," ती म्हणाली, आणि मागे न पाहता व्हरांड्यात गेली.

सम्यक तिच्या मागोमाग गेला. उपाशीपोटी गोळी नको म्हणाला, तेव्हा तिने फडक्यातली भाकरी सोडली आणि भिंतीला टेकून, चव नसलेली वस्तू खावी तशी, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. त्याने पन्नी फोडली, गोळीचे दोन तुकडे केले. अर्धी तिच्या तळहातावर ठेवली. इथून पुन्हा अर्धीपासून सुरुवात. आतून पोरीची कुरकुर येत होती. थोड्या वेळाने ती थांबली, आणि वाटीवर चमचा वाजल्याचा बारीक आवाज आला, मग पुन्हा एकदा. रत्नमालाने तो आवाज कान देऊन ऐकला आणि गोळी तोंडात टाकली.

दुपारी तो मुळे मॅडमच्या खोलीत गेला.

"रत्नमालाचं ऑपरेशन नको, मॅडम. तिने गोळी घेतलीच नव्हती."

मॅडमनी चष्मा काढला. "पाजत होती?" सगळे ऐकून त्यांनी विचारले, आणि काही क्षण खिडकीकडे पाहिले. मग त्या पुन्हा मार्गदर्शक झाल्या. "ठीक आहे. तिला रीतसर वगळ. बाकीच्यांवर भागव. पुणं तोंडावर आलंय."

"बाकीच्यांनी घेतल्या का, तेही मला माहीत नाही."

"तू विचारलं नव्हतंस?"

"विचारलं होतं. बघितलं नव्हतं."

"मग पुण्याला वाचणार काय?"

"या खेपेला काही नाही. मी आधी सगळ्यांच्या घरी जाऊन येतो."

बाहेर स्ट्रेचरची चाके कुरकुरत गेली. मुळे मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला.

"मोठ्यानं बोलता येतं की तुला," त्या म्हणाल्या. "जा. पण प्रबंधाला उशीर झाला तर माझ्या दारात रडत येऊ नकोस."

तो गेला. रविवारच्या एसट्यांनी, कधी वडाप जीपने, कधी पायी. दारे ठोठावायला त्याला दरवेळी तितकेच जड गेले. काही दारांसमोर तो हात उचलून पुष्कळ वेळ उभा राहिला, पण परत फिरला नाही. कुठे चहा मिळाला, कुठे संशयाने पाहिले गेले. एका घरी गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. सोयगावच्या बद्रीनाथने मात्र एकही चुकवली नव्हती. त्याची गाठ खरोखरच हट्टी होती. त्याच्या ओसरीवर बसून सम्यकने आपल्या प्रबंधाचे पहिले पान मनातल्या मनात नव्याने लिहायला घेतले. ते आधीपेक्षा लहान होते, आणि खरे होते.

उन्हे तापू लागली होती तेव्हा रत्नमाला पुन्हा आली. रक्तातला आकडा उतरला होता. इतका, की सम्यकने प्रयोगशाळेत फोन करून तो पुन्हा विचारून घेतला. सुगंधाबाई स्टुलावर बसली. सृष्टीला तिने खाली, रत्नमालाच्या खुर्चीजवळ, फरशीवर सोडले. पोरीच्या गळ्यात एक पोपटी लाळेरे होते. कापड ओळखीचे होते, बगलेची जोडपट्टीसुद्धा तशीच होती.

सम्यक रत्नमालाच्या समोर खुर्ची ओढून बसला. त्याने तिच्या वहाणांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे.

"दूध?"

"नाय," ती म्हणाली. "आटलं."

तिच्या चेहऱ्यावर जे होते ते कागदावर लिहायला रकाना नव्हता. तो बघत राहिला. मान खाली घालावी असे त्याला फार वाटले. त्याने ती घातली नाही.

"खाती आता," सुगंधाबाई मधेच म्हणाली. "भाकर कुस्करून, दुधात. माह्यापेक्षा जास्त खाती."

"चला, नजर बघू," सम्यक म्हणाला. "माझ्या नाकाकडे बघा."

रत्नमाला त्याच्या नाकाकडे बघू लागली. त्याने तर्जनी तिच्या उजव्या कानामागे नेली. खाली सृष्टी हातांवर अंग उचलून खुर्चीच्या पायापासून सरकत चालली होती. उजवीकडच्या कोपऱ्यात वापरलेल्या सुया टाकायचा लाल डबा होता. सम्यकने बोट अजून हलवले नव्हते.

रत्नमालाची नजर त्याच्या नाकावरून ढळली नाही. तिचा उजवा हात तेवढा खाली गेला, अचूक, आणि तिने पोरीचा घोटा धरून तिला अलगद मागे ओढले.

"हं, सायेब," ती म्हणाली. "दाखवा बोट."

सम्यकने हात हळूच खाली घेतला.